रसवंतीतला हुंकार

आमच्या जळकोटच्या घरात रेंज येत नाही. म्हणून एम.ए.चे ऑनलाइन तास मी हायवेवरच्या रसवंतीत बसून केले. रसवंतीवाल्या मामांचं नाव मी कधी विचारलं नाही. तास सुरू झाला की ते चरकाच्या घुंगरांना फडकं गुंडाळत आणि गिऱ्हाइकांना खुणेनंच गप्प बसवत.

मोबाईलमधून सर विचारत, "समजलं का?" आम्ही सगळी पोरं माईक बंद करून मुकाट. मामा मात्र ऊस सोलता सोलता ठणकावून म्हणत, "व्हय!"

"मामा, सरांना ऐकू जात नाही."

"मग ते सुरू कर की गं. माणूस कवाधरनं एकटंच बोलायलंय, कुणी हुंकार द्याया नको?"

मी माईक सुरू केला. मामांचा पुढचा "व्हय!" ऐकून सर दचकले, मग हसले, आणि तास पंधरा मिनिटं लांबला. पुढं हे रोजचंच झालं.

एकदा मामा पाहुण्यांकडं गेले होते. बंद रसवंतीच्या बाकावर मी एकटीच बसले होते. सरांनी विचारलं, "समजलं का?"

अक्षरही कळलं नव्हतं, तरी मी म्हणाले, "व्हय, सर."

मोबाईलमधून सरांचा आवाज आला,

"तू नव्हे गं. ते कुठं गेले?"