हाताचा गंज

माझ्या उजव्या अंगठ्यावर एक तिरका व्रण आहे. शिकाऊ असताना भोसरीतल्या एका शेडमध्ये ग्राइंडिंगच्या चाकाला अंगठा लागला होता. टाके पडले, जखम भरली, पण अंगठ्यावरच्या रेषा काही परत जुळल्या नाहीत. हजेरीच्या मशिनला आजही हा अंगठा चालत नाही, मी मधलं बोट लावतो. कुणी विचारलं तर इथपर्यंत सांगतो. याच्या पुढचं आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

चौदा वर्षांपूर्वी मी चाकणजवळच्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटीला होतो. क्वालिटीला म्हणजे मी एकटाच. आम्ही गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये बसणाऱ्या पिना बनवायचो. करंगळीएवढ्या, आरशासारख्या लखलखीत. अशा पिनेला उघडा हात लावायचा नाही, हातमोजे घालायचे, हा या धंद्यातला पहिला नियम. घामात मीठ असतं. त्यातही काही माणसांचा घाम असा असतो, की त्यांनी धरलेल्या लोखंडावर चार दिवसांत बोटांचे ठसे तांबडे होऊन वर येतात. ‘त्याच्या हाताला गंज आहे’ असं आमच्याकडे म्हणतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कुणाला ऊन सोसत नाही, कुणाला वांगं, तसंच हे. पण तेच एखाद्या बाईबद्दल म्हटलं की गावात त्याचा अर्थ फिरतो. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं लिहिणार होतो. कळत होतं.

पॅकिंगला आठ बायका होत्या. त्यांतली एक शेजारच्याच गावची. सासरची जमीन कंपन्यांमध्ये गेलेली, नवरा टेम्पोवर, घरात एक लहान मुलगी. तेलाच्या कागदात पिन गुंडाळायचा तिचा हात इतका चलाख, की बाकीच्या म्हणायच्या, “हिला देवानं दोन हात जास्तीचे दिल्यात.” तोंडही तसंच चालायचं. मी तिला ताई म्हणायचो, ती मला साहेब.

त्या वर्षी भाद्रपदातल्या एका आठवड्यात सगळं एकदम अंगावर आलं. ज्या मोठ्या कंपनीला आमचा माल जायचा, तिनं पुढच्या महिन्याचा लॉट त्याच आठवड्यात मागितला. लाइट तासातासाला जात होती, त्यामुळे पॅकिंगच्या खोलीतला एसी बंद आणि हवा अशी दमट, की भिंतीला हात लावला तर ओला व्हावा. हे झालं बाहेरचं. आतलं असं, की गंज धरू नये म्हणून पिनांना लावायचं तेल संपत आलं होतं. नवं पिंप मागवायचं काम माझं, आणि मी विसरलो होतो. शेठ म्हणाले, “रॉकेल घालून वाढव, चालतंय.” मी वाढवलं.

अशात पिनांच्या कडेला बारीक बर निघाली, म्हणजे धातूचा बोटाला टोचेल असा काटा. अख्खा लॉट पुन्हा तपासायचा. बर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते, आणि हातमोज्यातून ती कळत नाही. मी मोजे काढले आणि बसलो. दीड दिवस एकेक पिन या अंगठ्याखालून फिरवली.

समोर पॅकिंग करता करता ती म्हणाली, “साहेब, आमाला बोलता आन् तुमी उघड्या हातानं? तुमचा घाम काय गंगाजळ हाय व्हय?”

सगळ्या हसल्या. मीही हसलो.

“मोजं घाला साहेब,” ती पुन्हा म्हणाली. आता थट्टा नव्हती. “न्हाईतर तेल तरी दोनदा लावू द्या आमाला.”

“तेल कुठंय ताई? उरका.”

गाडी निघाली ती चाकण चौकातच अडकली. जेमतेम तेल लागलेला माल बंद गाडीत दिवसभर उकडत उभा राहिला.

तीन आठवड्यांनी अख्खा लॉट परत आला. खोके उघडले तर पिनांवर तांबडे ठसे. मोठ्या कंपनीतून एक इंजिनिअर आला, तरुण, शांत बोलणारा. त्यानं कारणांचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. त्यावर दोन रकाने होते, बाहेरची कारणं आणि आतली कारणं. मी पहिला रकाना भरायला घेतला. हवा, लाइट, ट्रॅफिक, घाईची ऑर्डर. त्यानं माझ्या पेनावर बोट ठेवलं.

“हे सगळ्यांनाच आहे हो. पाऊस मला काढून टाकता येतो का? चौक बंद करता येतो का? मला आतलं कारण द्या. ज्याच्यावर कारवाई करता येईल असं.”

चौदा वर्षं हे वाक्य मी ऐकतो आहे. त्याचं चुकलं होतं असंही म्हणवत नाही. धंद्यावर बाहेरून काय काय येऊन आदळतं ते कुणाच्याच हातात नसतं, म्हणून आतलं पाहायचं. बरोबरच आहे. पण आतलं पाहायला बसलं की आधी मशिन दिसतं, मग पद्धत दिसते, आणि या दोन्हीला पैसे लागतात. माणूस मात्र नुसत्या तोंडी बदलता येतो.

तो जेवायला गेला तेव्हा मी खिडकीशी उभा राहून पिना पाहिल्या. पहिल्या पिनेवर अंगठ्याचा ठसा होता, आणि ठशाच्या मधोमध एक तिरकी कोरी रेघ. दुसऱ्या पिनेवर तीच. दहाव्या पिनेवर तीच. मी एक पिन खिशात टाकली आणि खोक्याचं झाकण लावलं.

तेव्हाच बोललो असतो तर? शेठनी शिव्या घातल्या असत्या, कदाचित काढलंही असतं. चिंचवडच्या फ्लॅटचा हप्ता नुकता सुरू झाला होता. हे कारण म्हणून लिहीत नाही. तेव्हा ते कारण वाटलं होतं, एवढंच.

शेठ म्हणाले, “हाताची तपासणी घे सगळ्यांची.” तपासणी साधी असते. प्रत्येकानं एक स्वच्छ पिन मुठीत धरायची, मग ती ओल्या फडक्यासोबत बंद डब्यात ठेवायची, खाली नंबराची चिठ्ठी. सकाळी पाहायचं. आठ पिना बायकांच्या, नववी माझी. आपण नियमानं चालतो हे दाखवायला मीच पुढे होऊन धरली होती.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोहोचलो. डबा उघडला. आठ पिना कोऱ्या. नवव्या पिनेवर तांबडा अंगठा, मध्ये रेघ. मी फडक्याचं टोक रेघेवरून फिरवलं, ठसा फरफटला, आता नुसता डाग राहिला. मग नऊ नंबरची चिठ्ठी उचलून पाच नंबरच्या जागी ठेवली आणि पाचची नऊच्या जागी. पाच नंबर तिचा होता.

शेठनी सगळ्यांसमोर डबा उघडला. ती पुढे आली, पिन पाहिली, स्वतःचा तळहात पाहिला. ही भांडेल असं मला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, “लोखंड कशाला खोटं बोलंल.” आणि माझ्याकडे वळून, “तुमच्यावर आळ आला आसंल साहेब माझ्यामुळं.”

फॉर्मच्या दुसऱ्या रकान्यात मी लिहिलं, कामगाराच्या हाताचा घाम. कारवाई, कामगार बदलला. पुढचा लॉट एकदम स्वच्छ गेला. जाणारच, नवं तेल आलं होतं आणि मी मोजे घालत होतो. पण त्यामुळे ते सगळ्यांनी खरं धरलं. कधीकधी मीही.

तिचं पुढचं मला पॅकिंगमधल्या दुसऱ्या बाईकडून कळत गेलं. दोन कंपन्यांच्या गेटवर ठेकेदारानं विचारलं, “गंजवाली ती तूच ना?” खंडेनवमीला भावकीतल्या ट्रॅक्टरची पूजा होती. ती ताट घेऊन पुढे झाली तर जावेनं ताट हातातून काढून घेतलं. म्हणे लोखंड आहे, राहू दे. एवढं ऐकलं आणि मग मी विचारायचंच सोडलं.

दोन वर्षांनी नोकरी बदलली. पिन माझ्याकडेच राहिली, औषधाच्या एका डबीत, कपाटात मागे. तिला मी कधी तेल लावलं नाही आणि टाकलीही नाही. पण ते सगळं आठवायला डबी उघडावी लागत नाही. सोसायटीच्या गेटवर, बसच्या दांड्यावर, मोशीच्या पुलाच्या कठड्यावर कुठंही तांबडा डाग दिसला की मी थांबतो आणि त्यात तिरकी रेघ शोधतो. लोकांना वाटतं, क्वालिटीचा माणूस, सवय असेल.

यंदा आमच्या कंपनीत आयटीआयच्या मुलामुलींच्या मुलाखती होत्या. राजगुरुनगरहून शिकून आलेली एक मुलगी बसली. मापं अचूक घेतली, उत्तरं नेमकी दिली. निघताना दारात थांबली.

“सर, एक आधीच सांगते. माझ्या आईच्या हाताला गंज होता. त्यावरून कंपनीनं काढलेलं तिला. माझ्याही असेल कदाचित. आई नकोच म्हणत होती इथं यायला, म्हणती नंतर सगळ्यांसमोर काढण्यापरीस आधीच सांग.”

मी गावाचं नाव विचारलं. उत्तर येण्याआधीच मला ते माहीत होतं.

गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, मी त्यांच्या घरी गेलो. नवरा गाडीवर गेलेला, घरात मायलेकी. ती जाड झाली होती, केस पिकले होते. तिनं मला ओळखलं, “साहेब, या की!” म्हणाली आणि खरंच आनंदली. ते सोसणं सगळ्यात अवघड गेलं. चहा आणला तो स्टीलचा पेला पदरात धरून. चहा एवढा गरम नव्हता.

मी पेला खाली ठेवला आणि सांगितलं. जसं इथं लिहिलंय तसंच, तेल, मोजे, चिठ्ठ्या. पिन काढून चटईवर ठेवली, शेजारी अंगठा ठेवला.

मुलीनं पिन उचलून उजेडात धरली. माझा अंगठा पाहिला, पुन्हा पिन पाहिली. आई मात्र मान हलवत होती.

“न्हाई साहेब. तुमी भल्यापणानं बोलताय, पोरीला नोकरी लागावी म्हणून.” ती आत गेली आणि विळी घेऊन आली. पात्याच्या मुळाशी गंज होता. “ही बघा. माझ्या हातची इळी. दर साली गंजती.”

“आई, सगळ्यांच्याच गंजतात,” मुलगी म्हणाली.

“तू गप.”

आईनं विळी मांडीवर घेतली आणि पात्याच्या मुळाशी बोट घासून पाहिलं. माझ्या लक्षात आलं, मी तिला काही परत देत नव्हतो. चौदा वर्षं तिनं हे खरं धरून संसार केला होता, आणि मी ते काढून घेत होतो.

“माजीच चिठ्ठी का?” तिनं विचारलं.

तुमची शेजारीच होती, हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. इतकी वर्षं मी स्वतःला तेच देत आलो होतो. पण नऊच्या शेजारी आठ होती, पाच नव्हे.

“मोजे घाला म्हणून तुम्ही सांगितलं होतं,” मी म्हणालो. “तुम्ही तिथं राहिला असता तर रोज तुमचं तोंड बघावं लागलं असतं.”

तिनं विळी मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मुलगी उठली. “सर, बॅगेत कोऱ्या पिना आहेत?” आमच्या आताच्या कंपनीतही पिनाच बनतात, नमुन्याच्या होत्या. तिनं तीन घेतल्या. एक स्वतः धरली, एक आईच्या मुठीत दिली, एक माझ्या. स्वयंपाकघरातून डबा आणि ओलं फडकं आणलं. वहीचा कागद फाडून पेन मला द्यायला लागली, तशी आईनं तिचा हात धरला.

“चिठ्ठ्या मी लिवते.”

वळणदार नव्हतं, पण ठाशीव अक्षर. तिनं तिन्ही पिनांखाली चिठ्ठ्या ठेवल्या, झाकण दाबून लावलं आणि डबा स्वतःच्या मांडीवर घेतला. “या आता साहेब,” ती म्हणाली. चहा तसाच राहिला होता.

शनिवारी मुलगी कंपनीच्या ऑफिसात आली. निवडीचं पत्र तिला मिळालं होतं, ते माझ्या सहीचं नव्हतं. त्या निवडीतून मी स्वतः बाजूला झालो होतो, आणि का ते आमच्या मॅनेजरना लिहून दिलं होतं. त्यावर अजून ते काही बोललेले नाहीत.

तिनं माझ्या टेबलावर कागदाची पुडी ठेवली.

“आईची कोरी निघाली. माझ्या पिनेवर एक ठिपका आलाय, मोजे घालीन मी. मला मापांच्या खोलीत टाकलंय सर, तुमच्या खात्यात नको म्हणून मीच सांगितलं.”

“आई काय म्हणाल्या?”

“आपली पिन घेऊन बसली होती काल दिवसभर. ती देणार नाही म्हणाली. ही तुमची तेवढी तुम्हाला द्यायला सांगितलीय.”

ती गेल्यावर मी पुडी उघडली. पिनेवर तांबडा अंगठा होता, मध्ये तिरकी रेघ. खाली तिनं लिहिलेली चिठ्ठी होती. नंबर नव्हता. ‘साहेब’ एवढंच लिहिलं होतं.