जाळी धुऊन ठेव

डिंभ्याच्या धरणात पाणी चढलं तेव्हा आमची भाताची खाचरं बुडाली आणि आम्ही वर, डोंगराच्या पोटाला, पत्र्याच्या एका खोलीत आलो. वडील त्याआधीच गेले होते. एक वेळ नाचणीची भाकरी आणि दुसऱ्या वेळी नुसती आमटी, असं बरेच दिवस चाललं. माझा थोरला भाऊ सखाराम, माझा दादा, तेव्हा आठवीत होता. त्यानं शाळा सोडली. ट्रकच्या टायरची ट्यूब फुगवून तिच्यावर बसायचा, पाय पाण्यात सोडायचा आणि जाळं टाकायचा. बुडालेल्या शेताच्या अगदी वरच. "आपल्याच खाचरात चाललोय," म्हणायचा. त्या माशांवर मी मंचरला कॉलेज केलं. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी. हे मी चारचौघांत छाती पुढं काढून सांगत आलो. सांगताना दादाचं नाव किती वेळा घेतलं, ते मात्र कुणी विचारू नये.

त्याला जाऊन दीड महिना झाला. सकाळीच वहिनीचा फोन आला, "भावजी, तुमी या." घोडेगावच्या दवाखान्यात पोचल्यावर कळलं, जाळं ओढतानाच छातीत कळ आली होती... तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. कारखान्याच्या लॅबमध्ये नमुना हातात घेतो, तसाच ठेवतो. घरी आलो की मागच्या दारी जातो, भिंतीवरची जाळी काढतो, बघतो, परत टांगतो.

मासे भाजायची ही जाळी दादानं केलेली. जुन्या सायकलची रिम आणि तिच्यावर ताणून बांधलेली तार. गाठी सगळ्या मासे धरायच्या जाळ्याच्या. आई माझ्याकडंच असायची, तिच्या गळ्यात माळ, म्हणून मासा आमच्या स्वयंपाकघरात कधी शिजला नाही. मागच्या दारी तीन दगडांची चूल, तिथली भांडी वेगळी, आणि ही जाळी.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नारायणगावजवळ वाईनच्या एका कारखान्यात मी लॅबमध्ये लागलो होतो, पण टेंपररी. कायम करायचं की नाही हे ज्यांच्या हातात होतं, ते नाशिककडचे साहेब एकदा म्हणाले, "तुमच्याकडं धरणाचा मासा चांगला मिळतो म्हणे. आपली पांढरी वाईन त्याच्याबरोबर घरी बसून घेऊन बघायचीय." मी हो म्हणालो आणि झोप उडाली. घरात फ्रीज नव्हता, काचेचे ग्लास नव्हते. दादाला निरोप धाडला. साहेब यायच्या दिवशी तो दुपारीच आला, ओल्या गोणपाटात कटला आणि कोळंबी घेऊन.

बाटली गार कशी करायची म्हणून मी घिरट्या घालत होतो. दादानं तिच्या गळ्याला जाळ्याचा दोरा बांधला आणि ती शेजारच्या विहिरीत सोडली. लॅबमधून आणलेली थोडी वाईन त्याला स्टीलच्या पेल्यात दिली. त्यानं घोट तोंडात फिरवला. "कच्च्या पेरूच्या सालीगत लागतंय रं, बीयस्सी. हिला तिखट नको लावू. चव मरंल हिची."

"तू मासा भाज, दादा. वाईनचं मी बघतो," मी म्हणालो. साहेबांना गावरान झणका दाखवायचा होता ना मला. काळा मसाला चोपडूनच मासे भाजायला लावले.

संध्याकाळी साहेब पुढच्या ओट्यावर बसले. दादा मागच्या चुलीपाशी. पहिला घास, वर वाईनचा घोट, आणि साहेबांनी पेला खाली ठेवला. "मसाला छान आहे. वाईनचं मात्र पाणी झालं." मागं धावलो तर दादानं न सांगताच एक कटला आणि मूठभर कोळंबी बाजूला ठेवलेली, नुसतं मीठ आणि लिंबू लावून. "लई घाई करतोस. बस जा, मी आणतो."

ताट घेऊन तो स्वतः पुढं आला. लुंगी गुडघ्यापर्यंत, हाताला राख. साहेबांनी मासा खाल्ला, घोट घेतला, डोळे मिटले. "वा... पेरू. आता कळतोय पेरू." मग त्याच्याकडं बघून विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "आमच्या गावाकडचे आहेत. मासे देतात."

दादानं माझ्याकडं बघितलंच नाही. "व्हय साहेब," म्हणाला. "डिंभ्याचा हाय मी. आनखी आणू का?"

साहेब निघायच्या आतच तो शेवटची एसटी गाठायला गेला. मी स्टँडवर पळत गेलो. "दादा..." म्हणालो. गाडीत चढता चढता तो एवढंच बोलला, "जाळी धुऊन ठेव. गंजंल."

मी कायम झालो. त्यानंतर कितीदा डिंभ्याला गेलो, तो विषय काढायला तोंड उघडलं, की दादा म्हणायचा, "चल, पाणी बघून येऊ." शेवटपर्यंत बोलू दिलं नाही. की मीच बोललो नाही...

परवाच्या रविवारी साहेब भेटायला आले. भाऊ गेल्याचं त्यांना कारखान्यात कळलं होतं. मी म्हणालो, बसा. वहिनींनी पाठवलेला कटला होता. मीठ-लिंबू लावून या जाळीवर भाजला, पांढरी वाईन उघडली. साहेब एक घास खाऊन थांबले. "त्या दिवशीचे ते डिंभ्याचे गृहस्थ... त्यांच्या हातचा असाच होता."

"साहेब, तो माझा सख्खा थोरला भाऊ. तोच गेला."

साहेबांनी हातातला घास ताटात ठेवला. "मग त्या दिवशी आपल्यात बसले का नाहीत?"

"मी बसवलं नाही."

"नाव काय त्यांचं?"

"सखाराम."

ते गेल्यावर जाळी राखेनं घासली, पुसली, तेलाचं बोट फिरवलं, खिळ्याला टांगली. एका ट्यूबवर बसून माझ्या दादानं घरात एक बी.एस्सी. केला.