न कळलेली ओळ

समुद्रावर जहाजं एकामागे एक थांबली होती. ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर बाकावर बसलेल्या प्रणिताला ती आपल्याच फाइलमधल्या ओळींसारखी वाटत होती, कुणीतरी वाचेल म्हणून ताटकळलेली.

फाइल साधीच, ओळखीच्यांनी स्वतः लिहायची, कुणाबरोबर गावी वस्तू पाठवता येईल ते कळावं म्हणून. सिंगापुरातून गावी कोण निघालंय, एका ओळीत एक माणूस: नाव, वार, शहर, सामानात उरलेले किलो. मध्ये स्वल्पविराम, बस्स. टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजत ती कोडिंग शिकली होती. ओळी तोडून शहरवार लावणारा प्रोग्राम तिचाच. "वहिनी, यासाठी धड डेटाबेस असतो हो," असं इंजिनियर सारंग हसून म्हणाला, तेव्हा तिचं डोकंच सणकलं होतं. "असेल! माझ्या काकूंना त्यात लिहिता येईल का?"

त्या मधुमतीकाकू आत्ता शेजारीच होत्या, मुठीत इवलंसं कानाचं यंत्र धरून. पुण्यातल्या थोरल्या बहिणीचं, गेल्या भेटीत इथे दुरुस्तीला राहिलेलं. शनिवारी बहिणीची नात पहिल्यांदा मंचावर गाणार होती, आणि आज गुरुवार.

प्रणिताने मोबाइलवर प्रोग्राम चालवला. पुणे: कोणी नाही.

"राहू दे गं," काकू म्हणाल्या. "बघेल ताई नुसते पोरीचे ओठ हलताना."

हे प्रणिताला सोसेना. तिने मूळ फाइल उघडली आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला लागली. नावं, वार, गावं संथ लाटांसारखी सरकत राहिली. आणि मध्येच:

निशिकांत, गुरुवार, पुणे, किलो संपले पण खिशात मावेल ते नेतो

चौथ्या जागी प्रोग्रामला आकडा हवा होता. तिथे माणूस बोलताना दिसला, तर त्याने अख्खी ओळच गुपचूप फेकून दिली!

"मेल्या!" ती प्रोग्रामवर खेकसली. मग स्वतःवर, "तूच शिकवलंस ना त्याला?"

निशिकांतने फोन लगेच उचलला. "अहो वहिनी, संध्याकाळचं विमान आहे. पाया लेबारला माझ्या ऑफिसखाली या, शर्टाच्या खिशातून नेतो."

यंत्र देऊन परतताना ट्रेनमध्येच तिने प्रोग्राम बदलला. न कळलेली ओळ फेकायची नाही. सगळ्यांत वर ठेवायची, माणसाने वाचावी म्हणून.

रविवारी सकाळी काकूंनी पुण्याला फोन लावला आणि सवयीने ओरडल्या, "ताईऽ, कसं झालं गाणं?"

पलीकडून अगदी हळू आवाज आला, "ओरडतेस कशाला गं? कडव्याआधी पोरीने श्वास घेतला ना, तोसुद्धा ऐकला मी."