अध्यक्ष मधोमध, फ्लॅश चॅनल एकवर

मी बटण दाबलं नव्हतं, तरी माझा फ्लॅश उडाला. पुन्हा उडाला. मग लागोपाठ तीनदा. मी कॅमेरा गळ्यात सोडून दोन्ही हात मोकळे केले, तरी हा आपला चमकतोच आहे. समोरच्या खुर्च्यांवरच्या बायका माझ्याकडे बघून हसायला लागल्या. 

तलासरीत सामूहिक विवाह सोहळा होता. भर मे महिना, दुपारची वेळ, पन्नासेक जोडपी आणि एक सेवाभावी संस्था. संस्था म्हणजे तिचे अध्यक्ष. बाकीचे लोक खुर्च्या उचलायला. गेटवर अध्यक्षांचा फोटो, मांडवात अध्यक्षांचा फोटो, पाण्याच्या जारवरसुद्धा अध्यक्षांचा फोटो. नवरा-नवरींची नावं मात्र एका कागदावर, तीही चुकीची.

माझा स्टुडिओ तलासरीतच आहे. इतकी वर्षं पासपोर्ट, बारसं, साखरपुडा असली कामं करते. संस्थेने मला प्रत्येक जोडप्याचा एक फोटो काढायला सांगितला होता. तो फ्रेम करून जोडप्याला भेट द्यायचा. अट एकच: मधे अध्यक्ष, एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला नवरा. लग्न कोणाचं लागलं ते बघणाऱ्याने ओळखायचं.

आता फ्लॅशचं सांगते. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश लावून समोरून मारला की माणसाचा चेहरा भाकरीसारखा सपाट येतो. नाक कुठे, गाल कुठे, काही कळत नाही. घरात असले तर फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवते, उजेड तिथे आपटून मऊ होऊन खाली येतो. मांडवाचं छत केशरी कापडाचं. तिथे आपटलेला उजेड केशरीच होऊन येतो, सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसतं. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढायचा, स्टँडवर तिरका लावायचा, पुढे पांढरी छत्री धरायची. कॅमेऱ्यावर ट्रिगर नावाची छोटी डबी बसते. बटण दाबलं की ती बिनतारी इशारा देते आणि लांबचा फ्लॅश उडतो. चेहऱ्याच्या एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला जराशी सावली. माणूस माणसासारखा दिसतो.

हे सगळं मी त्याच उन्हाळ्यात शिकले होते. गुजरातेतल्या वापीच्या दुकानदाराने शिकवलं म्हणावं, तर त्याचं सगळं शिक्षण म्हणजे, "लगावो अने मारो." लावा आणि मारा, बस. घरी पाण्याच्या माठासमोर बसून मी सराव केला. माठ हलत नाही आणि गोरं करून द्या म्हणत नाही. एवढं चांगलं गिऱ्हाईक मला नंतर मिळालेलं नाही.

मांडवात दुसरा फोटोग्राफर होता केतन. वापीचा. अध्यक्षांनी खास स्वतःसाठी आणलेला. काळा टी-शर्ट, पाठीवर 'टीम' असं छापलेलं, आणि टीममध्ये तो एकटा. सकाळी आल्या आल्या त्याने माझ्या सामानाकडे बघितलं.

"आंटी, तुम्ही पासपोर्टवाले ना? टेन्शन नको. मेन काम आपण बघून घेऊ."

मी माझा स्टँड उघडायला घेतला. ज्याला उन्हात काळा टी-शर्ट घालायचं सुचतं, त्याच्याशी काय बोलायचं?

माझा फ्लॅश आपोआप उडायला लागला तेव्हा आधी वाटलं, माल खराब निघाला. मग लक्ष दिलं. स्टेजच्या त्या टोकाला केतन धडाधड फोटो मारत होता, अध्यक्षांचे, एका दमात दहा-दहा. त्याचं बोट हललं की माझा फ्लॅश चमके. एकदा उडाल्यावर फ्लॅशला पुन्हा भरायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात मी बटण दाबलं की माझा फोटो काळा. वर हा सारखा उडून उडून तापत होता तो वेगळाच.

रांगेत वेवजी गावची लाखीबाई उभी होती. शेजारी तिचा नवरा देवजी, मागे मुलगा आणि होणारी सून. दोन्ही लग्नं एकाच मांडवात. आमच्याकडे हे काही नवल नाही. जोडपं एकत्र राहतं, संसार करतं, मुलं होतात. लग्नाचं जेवण घालायला जमत नाही म्हणून विधी तेवढे राहतात. पण मुलाला हळद लावायची तर आधी आईबापाची लागली पाहिजे. बाहेरून आलेल्यांना याची भारी गंमत वाटते. त्या दिवशीही कोणीतरी मोबाईल पुढे करून लाखीबाईला विचारलं, आता कसं वाटतंय? तिने विचारलं, "जेवन कवा हाय?"

मला तिने खुणेने जवळ बोलावलं.

"ताई, माझा एकच फोटू हाय. आधारचा. त्यात मी मेलेली दिसते."

"आता चांगला काढते."

"आमचा दोगांचा काढ. ह्यो मधी नको."

तिने हनुवटीने अध्यक्षांकडे दाखवलं. मी म्हटलं, बघते. पण हातात काहीच नव्हतं. आणि लाखीबाई-देवजीचा नंबर आला तेव्हा फ्लॅशने मान टाकली. फार तापला की तो जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. स्वतःची काळजी घेणारं मांडवात तेवढं एकच होतं.

संस्थेचे सेक्रेटरी धावत आले. "मॅडम, चला, चला. पुढचं जोडपं घ्या. यांचं राहिलं तर राहिलं."

मला त्यांचा भयंकर राग आला. पण माझ्याआधी लाखीबाईच बोलली. स्टेजवरून हललीसुद्धा नाही.

"लग्नाला येवढी वर्सं थांबलो. दिव्याला थोडा थांबू."

आणि हातातल्या कागदाच्या प्लेटने ती माझ्या फ्लॅशला वारा घालायला लागली. देवजीने फेट्याचं टोक सोडलं आणि तोही घालायला लागला. सेक्रेटरींना या प्रसंगाला काय म्हणावं ते कळेना, म्हणून ते माईकवर जाऊन अध्यक्षांचे आभार मानू लागले.

मी केतनला गाठलं. "तुझा ट्रिगर कुठल्या चॅनलवर आहे?"

"चॅनल-बिनल काय नाय, आंटी. डायरेक्ट आहे."

म्हणजे कळलं. चॅनल म्हणजे रेडिओच्या स्टेशनसारखं. ट्रिगर आणि फ्लॅश एकाच नंबरवर असले की एकमेकांचं ऐकतात. खोक्यातून निघतो तो प्रत्येक ट्रिगर चॅनल एकवर असतो. दोघांनीही एकाच कंपनीचा घेतलेला, दोघांनीही नंबर बदललेला नाही. माझा फ्लॅश दोन मालकांची चाकरी करत होता. मी माझा ट्रिगर आणि फ्लॅश दोन्ही सातवर नेले.

फ्लॅश निवला. अध्यक्ष रुबाबात येऊन लाखीबाई आणि देवजीच्या मधे उभे राहिले. त्यांचा शिरस्ता असा की आधी केतनने काढायचा, तो त्यांनी कॅमेऱ्यात पाहायचा, मग माझा नंबर. केतनने काढला. अध्यक्षांनी मान लांब करून कॅमेऱ्याचा पडदा बघितला.

"हे काय आहे? मी कुठे आहे यात?"

पडद्यावर मागचं ऊन लख्ख होतं आणि पुढे तीन सावल्या. केतनने पुन्हा काढला, पुन्हा सावल्या. अध्यक्ष तरातरा स्टेज उतरून त्याच्याकडे गेले. सेक्रेटरी माईक सोडून मागोमाग.

मधली जागा रिकामी झाली. मी म्हटलं, "मावशी, जवळ या." दोघं सरकली. देवजीला हात कुठे ठेवावा कळेना, तर तिनेच तो ओढून आपल्या खांद्यावर ठेवला. मी बटण दाबलं. मग मुलगा-सून बाजूला घेऊन आणखी एक. लाखीबाईचा सावळा, सुरकुतलेला, हळदीने माखलेला चेहरा होता तसाच्या तसा आला. मी इतकी खूश झाले की पडद्यावर दोनदा बघितलं.

तोवर केतन आला. घामाने 'टीम' पाठीला चिकटली होती.

"आंटी, तुमची लाईट बंद केली काय?"

"माझी चालू आहे. तुझी कुठाय?"

त्याचा फ्लॅश खांबामागे स्टँडवर उभा होता. सकाळपासून स्विच बंद. मेन काम करणाऱ्या टीमचं सगळं काम पासपोर्टवालीच्या फ्लॅशने चाललं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. मी स्विच दाखवला. थँक्यू म्हणायचं राहिलं त्याचं.

अध्यक्ष परत आले, मधोमध उभे राहिले. तोही फोटो मी काढला. कामच होतं ते.

पुढच्या आठवड्यात लाखीबाई स्टुडिओत आली. संस्थेची फ्रेम पिशवीत. आत अध्यक्ष हसतायत आणि दोन्ही कडांना ती दोघं, देवजी तर अर्धा कापलेला. मी माझा फोटो छापून ठेवलाच होता. तो तिने बराच वेळ हातात धरला. देवजीच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ह्यो हसला व्हता. मना दिसलाच नाय तवा."

मग फ्रेम पुढे सरकवली. "ह्यात घाल."

मी मागचे खिळे काढले. अध्यक्ष बाहेर घेतले आणि विचारलं, "याचं काय करू?"

"मागं ऱ्हाऊ दे. कागद जाड हाय. भिंतीची ओल लागनार नाय."

नवा ट्रिगर घेतलात तर पहिल्याच दिवशी चॅनल बदला, कंपनीच्या पुस्तिकेतही तसं छापलेलं असतं. अध्यक्षांचा उपयोग काय, हे मात्र मला लाखीबाईकडूनच कळलं.