साक्रीची चुकलेली गाडी

सकाळी साडेसहाला ग्लास वाजला नाही, तेव्हाच मी काय ते समजलो. गेली दीड वर्षं माझा दिवस भिंतीपलीकडच्या स्टीलच्या ग्लासावर चमचा आपटल्याच्या आवाजाने सुरू व्हायचा. एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे सुमनवहिनी, आणि तीन म्हणजे मी... म्हणजे 'मास्तर, पेपर घेऊन ये'. फाल्गुनातल्या त्या सकाळी मी चहाचं आधण ठेवलं, ते उतू गेलं, तरी पलीकडे सगळं शांत. मग अंगणातल्या छातीएवढ्या भिंतीवरून वहिनींचा आवाज आला, "भाऊ, या." एवढंच. माझा थोरला भाऊ, ज्याला सगळं अमळनेर नाना म्हणायचं, गेला होता. वहिनी त्याच्या उशाशी बसून त्याच्या ओठांकडे बघत होत्या. काही सांगायचं राहिलं असेल तर ते निसटू नये म्हणून बघत असाव्यात, असं मला वाटलं.

नानाला आमच्याकडच्या अनेकांनी पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की असेल. तीस वर्षं तो एसटी स्टँडवर माईकपाशी बसला. 'पारोळामार्गे धुळ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे' हे एवढं कोरडं वाक्य, पण नाना ते अशा थाटात म्हणायचा की पारोळ्याला काम नसलेल्या माणसालाही जाऊन यावंसं वाटे. लग्नात आहेर पुकारायला नाना, शाळेच्या गॅदरिंगला नाना, गणपतीच्या मिरवणुकीत नाना. आमची आई म्हणायची, "ह्याना गळामा देवनी भोंगा बसाडेल शे." आता घरचं सांगतो. घरी आला की हा भोंगा बंद. लोकांना आवाज आणि बायकोला जांभया, अशी त्याची वाटणी होती. वहिनी साक्रीकडच्या, मुळात कमी बोलणाऱ्या. ताट वाढून बसून राहायच्या आणि हा कुणाच्या तरी हळदीत माईक धरून उभा. संसार सुखाचा नव्हता, हे मेलेल्या माणसाबद्दल लिहू नये म्हणतात. पण न लिहिलं तर पुढचं काहीच कळणार नाही.

पंधरा वर्षांपूर्वीची अखजी. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात सासरी गेलेल्या लेकी माहेरी जातात. दिवाळीला एकवेळ राहतील, पण अखजीला नाही. त्या वर्षी नानाने वहिनींना शब्द दिला होता, 'यंदा मी स्वतः नेतो तुला साक्रीला.' अखजीच्या आदल्या दिवशी स्टँडवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पोरीबाळी, पिशव्या, कडेवरची मुलं, आणि नानाचा आवाज सगळ्यांना आपापल्या माहेरच्या गाडीत बसवत होता. शाळेला सुट्टी असल्यामुळे मी नेहमीसारखा त्याच्या खोलीत पंख्याखाली पेपर वाचत बसलो होतो. बाराच्या सुमारास टेबलावरचा त्याचा मोबाईल वाजला. नाना माईकवर होता, म्हणून मी उचलला. साक्रीहून वहिनींच्या माहेरचा शेजारी बोलत होता. वहिनींचे वडील गेले होते. 'लेकीला लगेच पाठवा, उन्हाचे दिवस आहेत, फार वेळ ठेवता येणार नाही,' असं तो म्हणाला. मी 'हो' म्हणालो.

नानाला सांगितलं तेव्हा त्याने माईकवर हात ठेवला. "हाई गर्दीमा तिले एकटीले कसं धाडू? पाचले सुटसू, मंग मीच लई जासू." त्याला वाटलं, तिने एकटीने रडत जाऊ नये. माईक सोडवत नव्हता, हेही खरं. आणि मी? स्टँडपासून घर दहा मिनिटांवर. मी उठून गेलो असतो आणि वहिनींना धुळ्याच्या गाडीत बसवलं असतं, तर त्या वेळेत पोचल्या असत्या. पण बाहेर वैशाखाचं ऊन होतं. मला कंटाळा आला. होय, कंटाळाच. मी मान डोलावली आणि पेपरचं पुढचं पान उलटलं. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

साडेपाचला आम्ही दोघं घरी गेलो, तेव्हा वहिनी सांजोऱ्यांचा डबा पिशवीत भरून, केस विंचरून ओट्यावर बसल्या होत्या. साक्रीला पोचायला रात्र झाली. लेकीची वाट पाहून चार वाजता उचललं होतं. तालुक्याच्या सगळ्या लेकींना ज्याने माहेरी पोचवलं, त्याच्या बायकोची गाडी चुकली. आणि विचारल्यावर नाना काय म्हणाला? 'मोबाईल टेबलावर होता, गर्दीत कुणीतरी उचलला असेल, मला निरोप पाचला मिळाला.' मी शेजारी उभा होतो.

त्या दिवसापासून वहिनी नानाशी बोलल्या नाहीत. भांडण नाही, आदळआपट नाही. स्वयंपाक वेळेवर, कपडे धुतलेले, तापात कपाळावर पट्टी. फक्त शब्द नाही. लेक, रेखा, लग्न होऊन आधीच जळगावला गेलेली. माझी बायको लवकर वारली, मूलबाळ नाही, जेवण वहिनींकडेच. तेव्हा दोघांमधला पोस्टमन मीच झालो. "भाऊ, त्यासले सांगा, गॅसचा नंबर लावा." "मास्तर, तिले सांग, लावला." हे वाक्य दोन हातांवर बसलेल्या माणसासाठी असायचं! मी वैतागायचो, चेष्टा करायचो, पोस्टाचं तिकीट मागायचो. आणि प्रत्येक वेळी आत कुठेतरी टोचायचं की या घरातला अर्धा गुन्हा माझा आहे आणि भाकरी मात्र मला रोज गरम मिळते आहे.

नाना निवृत्त झाला, बिड्या काही निवृत्त झाल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी आवाज बसला. खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झाला, शेवटी जळगावला नेलं. घशाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जगला तरी आवाज राहणार नाही. सोमवारी दाखल व्हायचं ठरलं. मला वाटलं होतं, नाना कोसळेल. पण शुक्रवारी सकाळी तो पांढरा शर्ट घालून अंगणात उभा. घोगऱ्या आवाजात मला म्हणाला, "तिले सांग, साक्रीले जानं शे."

आम्ही तिघं निघालो. वहिनी खिडकीपाशी, आम्ही दोघं मागच्या बाकावर. धुळ्याला गाडी बदलली, तेव्हा भोंग्यातून रेकॉर्ड केलेला आवाज येत होता. नाना थांबून ऐकत राहिला आणि म्हणाला, "जीव नही ह्याना आवाजमा." साक्रीला वहिनींच्या भावाच्या, आबांच्या, अंगणात खाटा टाकल्या होत्या. भिंतीवर वडिलांचा फोटो. चहा आला, नानाने कप बाजूला ठेवला आणि उभा राहिला, एखाद्या सभेत राहावं तसा.

"आबा, मी खोटं बोलनू व्हतू. त्या दिन दुपारले बाराले फोन उना व्हता. मीच उचला. तिले पाचले सांगं. बापनं तोंड देखाले तिले मियनं नही, ते मनामुये."

दर दोन शब्दांना आवाज फाटत होता. ज्या आवाजाने तीस वर्षं तालुका हलवला, त्याचं उरलंसुरलं चार वाक्यांत संपवत होता. आणि मी ऐकतच राहिलो... 'मीच उचला'? फोन मी उचलला होता! शेवटच्या आवाजात खरं सांगायला आलेला हा माणूस, त्यातही एक खोटं बोलला, धाकट्या भावाला झाकायला. मी उठून सांगायला हवं होतं. मी खाटेवरून उठलो नाही. अंगणात फक्त शेरडाची घंटी. मग वहिनी उठल्या, आत गेल्या, पाण्याचा ग्लास घेऊन आल्या आणि नानासमोर धरला.

"पानी प्या. घसा कोरडा पडना तुमना."

तेरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. नानाने दोन्ही हातांनी ग्लास घेतला. परतीच्या गाडीत मी एकटाच मागे बसलो. पुढचे दोन दिवस भिंतीपलीकडून दोघांचे आवाज येत होते. मी कान लावला, खोटं कशाला बोलू? काही मोठं बोलत नव्हते. रेखाच्या बारशाला कोण कोण आलं होतं, पहिली शिवणमशीन कुठून घेतली होती, असलंच. एकदा दोघं हसले. मी चहाची भांडी घासत होतो, नळ बंद करून तसाच उभा राहिलो.

ऑपरेशननंतर नानाच्या गळ्याला भोक आणि तोंडाला मुकेपण. दवाखान्यातून लिहायला पाटी मिळाली. रेखाला त्याचे हलणारे ओठ कळेनात, मला कळेनात, नर्सला कळेनात. वहिनींना पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं. एकही शब्द न चुकता. पाटी त्यांनी उशाखाली सारली, ती परत बाहेर आली नाही. डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का? नानाचे ओठ हलले. वहिनी म्हणाल्या, "नाही म्हणताहेत. पण खोटं आहे, गोळी द्या." डॉक्टरांनी हसून विचारलं, कसं कळतं तुम्हाला? वहिनी सहज म्हणाल्या, "तेरा वर्षं बोलले नाही. मग बघण्याशिवाय दुसरं केलं काय मी?"

मी ज्याला अबोला समजत होतो, निरोप पोचवून ज्याला कंटाळत होतो, त्यात ही बाई नवऱ्याचा चेहरा पाठ करत होती. रागाने असेल, पण पाठ करत होती. घरी आल्यावर तर उलटंच झालं. सगळं गाव बोलतं ठेवणारा नाना ऐकू लागला आणि कमी बोलणाऱ्या वहिनी दिवसभर बोलू लागल्या. साक्रीची नदी, बालपण, सासूचा जाच, साठलेलं सगळं. भांडणंही व्हायची. त्याचं अर्धं ओठांतल्या ओठांत, त्यांचं अर्धं सबंध गल्लीला ऐकू जाईल असं. शेजारीण म्हणाली, वहिनी एकट्याच भांडतात. मी म्हणालो, एकट्या नाहीत हो, आता कुठे दुकट्या झाल्या.

वर्षाने दुखणं फुप्फुसात उतरलं. जळगावला डॉक्टरांसमोर आम्ही बसलो होतो. नानाचे ओठ हलले. वहिनींनी एकदा खाली पाहिलं, पदर सारखा केला आणि डॉक्टरांना विचारलं, "माझे किती दिवस राहिले?" 'यांचे' नाही म्हणाल्या. त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत त्यांनी पुढे ठेवला आणि उत्तरही जणू स्वतःचं असावं तसं ऐकून घेतलं. डॉक्टर काही महिने म्हणाले. मी आयुष्यभर वर्गात धैर्य या विषयावर निबंध लिहून घेतले. सगळे फाडून टाकावेत असं त्या खुर्चीत वाटलं.

नाना गेल्यावर महिन्या-दीड महिन्यात अखजी आली. अखजीला पितरांसाठी भरतात तशी वहिनींनी त्याच्या नावाची घागर भरली. साक्रीहून आबा न्यायला आले होते, त्यांना म्हणाल्या, उद्या येते. संध्याकाळी मी भिंत ओलांडून, म्हणजे दारातूनच, पलीकडे गेलो. ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. नाना माझं नाव पोटात घेऊन गेला, म्हणून माझी सुटका होत नाही. नानाच्या रिकाम्या खाटेसमोर बसलो. घागरीकडे बघून तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. नुसतेच ओठ हलले असावेत. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, नानाकडे बघायच्या तशा.

"राहू द्या, भाऊ. माले माहीत शे. फोन करनारानं माले तठेच सांगं व्हतं, आवाज नानाना नव्हता. नानाना आवाज कोन वळखाव नही? आनि सुट्टीमा त्यासनाजवय बसेल राहेत, ते तुम्ही."

पंधरा वर्षं! पंधरा वर्षं माहीत असून या बाईने मला गरम भाकरी वाढली होती. मी कसंबसं विचारलं, "मंग मनासंगे कसाले बोलत राह्यनात?"

वहिनी म्हणाल्या, "दोन्हीसशी अबोला धरती, ते घरमा बोलती कोनासंगे?" आणि चुलीकडे वळता वळता, "त्या दिन साक्रीले तुमनाकरता ते खोटं बोलनात ना... तठेच मना राग सरना."

मी रडलो. साठी उलटलेला मास्तर, पोरासारखा रडलो. वहिनींनी रडू दिलं. मग चहा आणून दिला, कपबश्या घासायच्या राहिल्या होत्या म्हणून नानाच्या त्याच स्टीलच्या ग्लासात. मी साखर ढवळली, तसा चमचा ग्लासाला लागून एकदा वाजला. आम्ही दोघांनीही एकदम खाटेकडे पाहिलं, आणि वहिनी पाणी आणायला उठल्या.