माघार घेणारे प्राचार्य

रेव्हरंड दानिएल सोनावणे सरांना मी पहिल्यांदा भेटलो तो प्रवेशाच्या मुलाखतीत. पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, घडवणाऱ्या सेमिनरीचे ते प्राचार्य होते. "आमच्याच सेमिनरीत का यावंसं वाटलं?" असं त्यांनी विचारलं. मी घाबरून खरं सांगून टाकलं, "दुसरीकडे नाव लागलं नाही, सर." सर हसले. "बरं झालं. निदान खरं बोलणारा एक पाळक चर्चच्या मंडळीला मिळेल."

पुढे त्यांच्याच हाताखाली मी शिकवू लागलो. त्याच सुमारास कोथरूडला एक नवी सेमिनरी निघाली. इंग्रजीतून पदवी, नवी इमारत, परदेशात शिकून आलेले प्राध्यापक. आमचे मराठी वर्ग ओस पडू लागले. मी रागाच्या भरात एक पत्रक लिहिलं: तिकडची शिकवण शास्त्राला, म्हणजे बायबलला, धरून नाही, मंडळ्यांनी सावध राहावं. सही घ्यायला ते सरांपुढे ठेवलं.

त्यांनी ते शांतपणे वाचलं. "तिकडच्या एखाद्या तासाला बसलात का हो आपण?"

"नाही, सर."

"मग हे कशावरून लिहिलंत?" सर म्हणाले, "मरणाच्या दारातला माणूस उशाशी बसलेल्या पाळकाला प्रार्थना करायला सांगतो. तो कुठं शिकला, हे विचारत नाही." पत्रक त्यांनी फाडलं नाही. घडी घालून माझ्याच हातात परत दिलं. मला ते जास्त लागलं.

त्यानंतरच्या वर्षी आमचे हिब्रूचे प्राध्यापक निवृत्त झाले आणि ती जागा रिकामीच राहिली. वर्गातली सर्वांत हुशार विद्यार्थिनी रूथ. तिला सर स्वतः स्कूटरवरून कोथरूडला प्रवेशासाठी घेऊन गेले. आम्ही सगळे संतापलो. विश्वस्त तर बैठकीत तोंडावर म्हणाले, "प्राचार्यच संस्था बुडवायला निघालेत." सर एवढंच म्हणाले, "तिला जुना करार मूळ हिब्रूत वाचायचाय. आपल्याकडे शिकवायला कोणी नाही. आपल्या पटावर नाव राहावं म्हणून तिला अडवू?"

रूथ आज उत्तम पाळक आहे. आमची सेमिनरी मात्र राहिली नाही. शेवटच्या उपासनेला तीन विद्यार्थी होते. सरांनी पूर्ण तयारीनिशी उपदेश केला. नंतर रिकाम्या वर्गात फळा पुसता पुसता थांबून त्यांनी मला विचारलं, "माझं चुकलं का हो?"

मी त्यांच्या हातून डस्टर घेतलं आणि उरलेला फळा पुसून टाकला. त्यांच्याच आग्रहावरून मी आता कोथरूडच्या त्या सेमिनरीत शिकवतो. तिथं आम्ही आणखी एका नव्या संस्थेविषयी तेच बोलतो, जे मी पत्रकात लिहिलं होतं. ते ऐकताना मान खाली जाते. सर, आपलं चुकलं नव्हतं. हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं. उशीर झाला, क्षमा असावी.

सर आज पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर पडणं थांबलं आहे. कर्वेनगरच्या त्यांच्या घरी दर बुधवारी शास्त्रवाचन असतं. एरवी एकमेकांच्या मंडळीत पाऊल न टाकणारे पाळक तिथं एकाच सतरंजीवर बसतात, चहा पितात, आणि बाहेर पडल्यावर पुन्हा आपापल्या वाटेनं जातात.

प्रभू सरांना दीर्घ आयुष्य देवो, गुडघ्यांना बळ देवो, दृष्टी शाबूत ठेवो. ही प्रार्थना करताना मनात थोडा स्वार्थ आहे, हे कबूल करतो. आम्हाला एकत्र बसवील असं दुसरं घर पुण्यात मला अजून सापडलेलं नाही.