जुलैत एसी लावून अरादपर्यंत

गेल्या वर्षी जुलैत, बहरीनमध्ये, मुहर्रकच्या पुलावर माझी गाडी तापून उभी राहिली. दुपारचे दोन वाजले होते. शेजारी बायको, तिच्या मांडीवर अरादला राहणाऱ्या तिच्या बहिणीसाठी केलेल्या भरल्या वांग्यांचा डबा. पाऊण तास आम्ही तसेच उन्हात बसलो. घरी आल्यावर ती एकदाच बोलली.

"पुढच्या जुलैत, याच वेळेला, एसी लावून अरादला जायचं आणि यायचं. जमलं तर गाडी राहील. नाही जमलं तर विकायची. मी हे पुन्हा सांगणार नाही."

मी ते तारखेसकट लिहून घेतलं.

गाडी सत्तरच्या दशकातली अमेरिकन. दोन दारं, पुढे भलंमोठं व्ही-एट इंजिन, मागे माणसांसाठी नावापुरती जागा. आमचे एक साहेब बहरीन सोडून गेले तेव्हा मी ती घेतली. शोसाठी नाही, शर्यतीसाठी तर नाहीच. मी तिच्यातून ऑफिसला जातो, भाजी आणतो, बायकोला शाळेच्या ऑफिसात सोडतो.

ऑक्टोबरात रेडिएटर बदलला. डिसेंबरात वॉटर पंप. पाणी तरीही कमी व्हायचं आणि गळती कुठे दिसेना. फेब्रुवारीत मी सलमाबादच्या एका मशीन शॉपमधल्या चाचांकडे गेलो. चाचा रत्नागिरीचे, राहायला नईमला, तीस वर्षं इंजिनंच उघडतायत. मी नागपूरचा. ते मला साहेब म्हणतात, पण त्यात आदर फारसा नसतो.

त्यांनी इंजिन चालू ठेवून रेडिएटरचं झाकण उघडलं. पाण्यात बारीक बुडबुडे येत होते.

"हेडाला चीर हाय," चाचा म्हणाले. "पन्नास वर्षांचं बिडाचं लोखंड. शिवायचं नाय आता. नवीन अल्युमिनियमची जोडी मागव. ती हातात आली की मी एकदाच उघडणार. तोवर पाणी भरत चालव, लांब जाऊ नको, एसी लावू नको."

सिलिंडर हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा जड ठोकळा; व्ही-एटला असे दोन असतात. त्याच्यातल्या वाटांनी, म्हणजे पोर्टमधून, हवा आणि पेट्रोल आत जातं आणि धूर बाहेर येतो. माझ्या इंजिनाला बसतील अशा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोड्या बाजारात ढिगानं आहेत. प्रश्न निवडीचा होता, आणि निवड हे माझं कामच आहे. कंपनीत मी मेंटेनन्स प्लॅनिंग बघतो. तिथं तीन कोटेशनं लागतात, मी सहा काढली. चोवीस ओळींचा तुलनात्मक तक्ता केला: पोर्ट केवढा, व्हॉल्व केवढे, चेंबर, म्हणजे पेट्रोल जळायची पोकळी, केवढा, हवा किती जाते. प्रत्येक ओळीला गुण. सगळ्यात जास्त गुण सगळ्यात मोठ्या पोर्टच्या जोडीला पडले, कारण हवेच्या ओळी सहा होत्या आणि त्या सहाही तिनं जिंकल्या.

तक्ता फोल्डरमध्ये घालून मी चाचांना दिला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. माझा तक्ता पूर्ण वाचणारा माणूस मला ऑफिसात अजून भेटलेला नाही.

"साहेब, ह्याच्यात एसीची ओळ कुठाय?"

नव्हती. ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं चाललं होतं, तिची ओळ नव्हती. एसीच्या कॉम्प्रेसरचं ब्रॅकेट हेडाच्या टोकाला बोल्टनं बसतं, आणि सहापैकी दोन जोड्यांना तिथं भोकंच नव्हती. त्या दोन खलास.

"आता सांग, गाडी चालवतोस कशी?"

"जोरात," मी म्हणालो.

"कागद दाखव."

कागद नव्हता, आणि हे मला लागलं. चाचांचं म्हणणं साधं होतं. बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी लांब जातं, काढला की पायाशी पडतं. इंजिन सावकाश फिरत असताना पोर्ट लहान हवा, म्हणजे हवा जोरात आत घुसते. मोठा पोर्ट शर्यतीच्या गाडीला, जिचं इंजिन सतत मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेतं. "तुझं इंजिन दिवसभर कितीवर फिरतं ते एक आठवडा लिहून आण. मग हेड सांगतो. यल्ला, नीघ आता."

मी आठवडाभर नोंद ठेवली. सिग्नल सुटला की आरपीएमचा काटा कुठवर गेला ते फोनमध्ये बोलायचं, संध्याकाळी वहीत उतरवायचं. जागा, वेळ, आकडा. आठवड्याच्या शेवटी सदतीस नोंदी झाल्या. त्यातल्या एकोणीस चार हजारांच्या वर. म्हणजे माझा तक्ता बरोबर होता. मोठ्या पोर्टची जोडी मागवायची ऑर्डर मी भरून तयार ठेवली, फक्त बटण दाबायचं बाकी होतं. जेवताना मी हे घरात जाहीर केलं.

"काहून खोटं लिहिता?" बायको म्हणाली.

"एकही आकडा खोटा नाही."

"आकडे खरे आहेत. चालवणं खोटं आहे. गेला आठवडा तुम्ही वहीसाठी चालवत होता. आपल्या माहूजच्या गल्लीत कोणी गाडी अशी ओढतं का? मंगळवारी माझी मान आखडली."

मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, यू वेअर परफॉर्मिंग."

मी म्हणालो, असं काही नाही. पण वही उघडली आणि रविवारची पहिली नोंद बघितली: घराच्या पार्किंगमधून बाहेर पडताना, तीन हजार आठशे. पार्किंगमधून बाहेर पडायला एक हजार पुरतात. हे मी बावीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्यांना सांगत आलोय, की मोजणारा बघतोय हे कळलं की ऑपरेटर मशीन वेगळं चालवतो. इथं ऑपरेटर मीच होतो आणि बघणाराही मीच.

बायको उठली आणि पर्समधून शाळेची डायरी घेऊन आली. मागच्या पानांवर तिनं शेजारी बसून काट्याची आणखी एक नोंद ठेवली होती, त्याच्या आधीच्या आठवड्याची. म्हणजे चाचांनी मला नोंद ठेवायला सांगायच्याही आधीची.

"ही कशाला ठेवली?"

"गाडी विकताना कोणी विचारलं तर सांगायला."

मी पानं उलटली. तिच्या नोंदीत बेचाळीस आकडे होते. एक सोडून सगळे हजार आणि सव्वीसशेच्या मधले. तो एक तीन हजारांच्या वर, आणि त्यापुढे तिनं लिहिलं होतं: मांजर आडवं आलं, नंतर राग.

दोन्ही वह्या घेऊन मी चाचांकडे गेलो. माझी वही त्यांनी चाळली. "चीर पडलेल्या हेडावर पाच हजार? अल्लानं तुला डोकं दिलंय ना, साहेब?" तिची डायरी त्यांनी दोनदा वाचली. मग उरलेल्या चार जोड्यांतली सगळ्यात लहान पोर्टची, म्हणजे गुणांत शेवटून पहिली, तिच्यावर बोट ठेवलं. "ही. चेंबर मधल्या मापाचा घे. लहान घेतलास तर उन्हात, एसी लावून, सिग्नलला इंजिन आतून ठोके मारायला लागेल. भाभींना सलाम सांग."

भरलेली ऑर्डर मी खोडली. हात लगेच गेला नाही, हे कबूल करतो. शुक्रवारी जुन्या गाड्यांवाले जमतात तेव्हा पहिला प्रश्न पोर्टचा असतो, आणि माझा आकडा ऐकून लोक सभ्यपणे विषय बदलणार होते. अजून बदलतात.

हेड एप्रिलमध्ये आले. चाचांनी जुने उतरवले, चीर नखानं दाखवली, व्हॉल्व ढकलणाऱ्या पुशरॉडची लांबी मोजून नवी जोडी बसवली. गाडी आवाजात जराही बदलली नाही. सिग्नलवरून निघताना मात्र पाय टेकवला की निघायची.

जुलैत ठरल्या दिवशी, दुपारी दीडला आम्ही निघालो. बाहेर सेहेचाळीस. एसी पूर्ण. बायकोनं हात जाळीसमोर धरला आणि तो तिथंच ठेवला. पुलावर पुढे कुणाची तरी टक्कर झाली होती, वीस मिनिटं रांग हलली नाही. तापमानाचा काटा मध्याच्या पुढे सरकला, आणखी थोडा सरकला, आणि थांबला.

"आता?" तिनं विचारलं.

"आता काही नाही."

"मग गप्प का झाला?"

अरादला तिच्या बहिणीनं सहापर्यंत थांबायचा आग्रह केला, ऊन तरी उतरेल म्हणून. "नाही," बायको म्हणाली, "उन्हातच परत जायचं ठरलंय." चहा अर्धा टाकून आम्ही तीनला निघालो. परतीला काटा मध्यावर होता, हललाच नाही.

माहूजला पार्किंगमध्ये गाडी लावली आणि मी चावीला हात घातला.

"राहू द्या जरा," ती म्हणाली. "बाहेर फार गरम आहे."

तिनं सीट मागे केली आणि डोळे मिटले. दहा मिनिटं इंजिन नुसतंच चालू बघून बिल्डिंगचा वॉचमन आला आणि काचेवर टकटक केली. तिनं काच दोन बोटं खाली केली.

"मॅडम, गाडी में कुछ प्रॉब्लेम है?"

"नहीं भैया," ती म्हणाली. "एसी चालू है." आणि काच वर केली.